लाल दोरी कुणाच्या मांडीला?

"काका, आम्ही पुण्यात राहतो. गेल्या दिवाळीत माझ्या मिस्टरांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी मिळून एक जुनी फायबरची स्पीडबोट घेतली. अठरा फुटी आहे, मागे 90 हॉर्सपॉवरचं इंजिन. ती आंजर्ल्याच्या खाडीत एका ओळखीच्यांच्या जागेत असते आणि दोन-तीन आठवड्यांनी आम्ही सगळे तिकडे जातो. मिस्टर गाडी फार छान चालवतात, वीस वर्षांत कुठे घासलीसुद्धा नाही. पण बोटीत पाय ठेवला की माझा जीव टांगणीला लागतो. लाइफ जॅकेट सीटखाली कोंबलेली असतात. विचारलं तर म्हणतात, आपल्या सगळ्यांना पोहता येतं. मुलगा 13 वर्षांचा, मुलगी 9 वर्षांची. तिला बोटीच्या पुढच्या टोकावर पाय सोडून बसायला आवडतं. मागच्या खेपेला डॉल्फिन दिसले म्हणून सगळे एका अंगाला धावले, बोट अशी कलली की मी किंचाळले. त्यावरून दोन दिवस माझी चेष्टा चालली होती. मी भित्री आहे, की माझ्या म्हणण्यात तथ्य आहे? आणि असेल तर भांडण न होता हे त्यांच्या गळी उतरवायचं कसं?"

एक वाचक, पुणे

*

ताई,

किंचाळलात ते अगदी वेळेवर. त्या किंकाळीने निम्मे लोक दचकून जागेवर बसले असणार, म्हणून बोट सरळ झाली. पुढच्या वेळी चेष्टा झाली तर हे सांगा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त खटकलं ते जॅकेटचं वाक्य नव्हे. 'गाडी फार छान चालवतात' हे खटकलं. मी उभी हयात बोटींवर काढली. नवशिक्याची मला कधी काळजी वाटली नाही, तो बिचारा घाबरून हळू जातो. काळजी वाटते ती उत्तम ड्रायव्हरची. त्याच्या हातात वीस वर्षांचा रस्ता मुरलेला असतो आणि अडचणीच्या क्षणी डोकं विचार करण्याआधी हात काम करून मोकळे होतात. पाण्यावर तेच हात नेमकं उलटं करतात.

एक साधी गोष्ट बघा. समोरून बोट येतेय, दोघांची टक्कर होईल असं दिसतंय. पुण्यातला माणूस काय करेल? डावीकडे घेईल. पाण्यावरचा नियम सगळ्या जगात एकच, दोघांनीही उजवीकडे वळायचं. अरुंद खाडीतसुद्धा आपल्या उजव्या काठाने जायचं. आडवी जाणारी बोट तुमच्या उजव्या हाताला असेल, तर तिला वाट द्यायची. शेजारच्या हर्णै बंदरातला तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा मुख्य नाखवा, त्या नियमाने उजवीकडे वळतो, आपले पुणेकर सवयीने डावीकडे, आणि दोघं पुन्हा समोरासमोर.

दुसरं, ब्रेक. तो नसतोच. ताशी 40 किलोमीटरने जाणारी बोट सेकंदाला अकरा मीटर पुढे सरकते आणि थ्रॉटल, म्हणजे वेगाची दांडी, मागे ओढलं तरी लगेच उभी राहत नाही. हे मिस्टरांना माहीत असेल. पण तिसरी गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते. गाडीची पुढची चाकं वळतात आणि मागचा भाग मुकाट्याने मागून येतो. बोटीचं इंजिन मागे, म्हणजे वळणं सुरू होतं तेच मागून. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उजवीकडे वळवली की मागची बाजू डावीकडे फेकली जाते. आता समजा, कुणी उजव्या बाजूने पाण्यात पडलं. गाडी चालवणारा माणूस त्याला चुकवायला स्टिअरिंग डावीकडे मारणार. मग मागची बाजू, म्हणजे इंजिन, म्हणजे त्याचा पाण्यात फिरणारा पंखा, थेट त्या पडलेल्या माणसावर. माणूस ज्या बाजूला पडला त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवायचं, तेव्हा पंखा त्याच्यापासून लांब जातो. हे मनाविरुद्ध वाटतं, म्हणून आधी हाताला शिकवावं लागतं. पंख्याचा हिशोब सांगतो. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला 3200 फेरे फिरत असेल, तर एका सेकंदात 160 वार. न्यूट्रल आहे म्हणून पंखा थांबला असं समजायचं नाही, काही इंजिनांत तो न्यूट्रलमध्येही रेंगाळत फिरतो. कुणी पाण्यातून वर चढणार असेल तेव्हा इंजिन पूर्ण बंद. किल्ली फिरवून बंद.

यावरून तुमच्या लेकीचं सांगून टाकतो. नाळेवर पाय सोडून बसलेलं पोर एका उसळीसरशी पुढे पडतं, आणि पुढे पडलेल्याच्या अंगावरून अख्खी बोट जाते, शेवटी पंखा. बोट चालू असताना तिथे कुणीही बसायचं नाही. लाड करायचे तर नांगर टाकल्यावर, इंजिन बंद करून.

आता लाल दोरी. पुढच्या वेळी बोटीत चढलात की थ्रॉटलजवळ बघा. एक लाल बटण असतं, त्यात एक चिमटा अडकवलेला असतो आणि चिमट्याला टेलिफोनच्या जुन्या वायरीसारखी पिळाची लाल दोरी. तिचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या अंगाला लावायचं असतं. तो जागेवरून उडाला की चिमटा निघतो, इंजिन बंद पडतं. बोट जुनी घेतली आहे म्हणताय, तेव्हा मी पैज लावायला तयार आहे. एक तर दोरी स्टिअरिंगला गुंडाळून ठेवली असेल, नाहीतर ती कधीच तुटली असेल आणि नुसता चिमटा बटणात कायमचा बसवलेला असेल.

स्पीडबोटीत बुडण्याच्या भीतीबरोबर ही भीतीही असते. आपण पाण्यात आणि बोट चालूच. स्टिअरिंगवर हात नसला की पंख्याच्या ओढीने ते एका बाजूला वळत जातं आणि बोट गोल फिरू लागते. म्हणजे ती निघून जात नाही, परत येते. मे 2013 मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, पॅडस्टोजवळच्या खाडीत, एक कुटुंब सुट्टीत असंच बोटीतून फिरत होतं. आई, वडील, चार मुलं. एका वेगाच्या वळणावर सहाही जण पाण्यात फेकले गेले. दोरी कुणाला बांधलेली नव्हती. रिकामी बोट गोल फिरत त्यांच्यात येत राहिली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली, आई आणि मुलगा गंभीर जखमी झाले. पोहता न येणं हा तिथे प्रश्नच नव्हता. अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांच्या आतल्या बोटींना ही दोरी लावणं कायद्याने सक्तीचं आहे. आपल्याकडे कुणी तपासायला येईल म्हणून थांबू नका.

दोरी मांडीला लावायची, गुडघ्याच्या वर, एक वेढा घेऊन. मनगटाला लावली तर स्टिअरिंग फिरवताना ओढली जाते, आणि एकदा उगाच इंजिन बंद पडलं की माणूस वैतागून ती कायमची सोडून ठेवतो. सकाळी इंजिन चालू केल्यावर खाडीतच एकदा हिसका देऊन बघायचं. बंद पडलं तरच पुढे जायचं. आणि दुसरी, जास्तीची दोरी बोटीत ठेवायची. का? मिस्टर पडले तर दोरी त्यांच्याबरोबर पाण्यात जाणार. बोट थांबली हे उत्तम, पण आता त्यांना आणायला जायचं तर इंजिन चालू होण्यासाठी बटणात चिमटा हवा. ही दुसरी दोरी कुठे आहे हे तुम्हाला माहीत पाहिजे, त्यांना नव्हे.

जॅकेटबद्दल. पोहता येणं आणि बोटीतून फेकलं जाणं यांचा संबंध थोडाच असतो. डोकं काठाला आपटलं, पाण्यावर पाठ आदळून श्वास अडकला, की पहिलं मिनिट आपल्या हातात राहत नाही. जॅकेट लागतं ते त्या मिनिटासाठी. अमेरिकेचं तटरक्षक दल दरवर्षी हिशोब काढतं. बोटीवरच्या चार मृत्यूंपैकी साधारण तीन बुडून झालेले असतात, आणि बुडालेल्यांतल्या शंभरातल्या 85 जणांच्या अंगावर जॅकेट नसतं. बोटीत नसतं असं नाही हं, अंगावर नसतं. ते सीटखालीच असतं, तुमच्यासारखं. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला. 15 माणसं गेली. त्या प्रवाशांकडून काडीची चूक झाली नव्हती. दुसऱ्याची चूक आपल्याला जॅकेट शोधायला वेळ देत नाही. त्यानंतर गेटवेला जॅकेट अंगात घातल्याशिवाय बोटीत बसू देईनात, ही अक्कल आधी यायला हवी होती.

मुलांची जॅकेटं घेताना आपली एक सवय आड येते. युनिफॉर्म घेताना करतो तसं 'वाढत्या अंगाचं' घेऊ नका. अंगात घालून, सगळे पट्टे आवळून, खांद्यांना धरून वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते तिच्या मापाचं नाही. पाण्यात पोर खाली राहील आणि जॅकेट वर. दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं मिळालं तर तेच घ्या. बोटीबरोबर जी जुनी जॅकेटं आली असतील ती खाडीत कमरेएवढ्या पाण्यात घालून तपासा. उन्हाने विटलेली, आत फोमचा चुरा झालेली असतील तर फेकून द्या. कुणाला देऊ नका, फेका.

डॉल्फिन दिसले की उठायचं नाही. चालवणाऱ्याने वेग कमी करायचा आणि बोटच अशी वळवायची की बसल्या जागेवरून सगळ्यांना दिसेल. अठरा फुटी बोटीत सात-आठ माणसं एका काठाला गेली, त्यात बाजूने लाट आली, की तुमच्या किंकाळीचाही उपयोग होणार नाही.

आंजर्ल्याचं म्हणून एक वेगळं सांगायला हवं, कारण तुमचे मिस्टर कुठल्याही बंदरात शिकले असते तरी हे त्यांना तिथेच कळलं असतं. जोग नदी समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या तोंडाशी, वाळू साचते. असा वाळूचा दांडा कोकणातल्या बहुतेक खाड्यांना आहे आणि तो दरवर्षी जागा बदलतो. गेल्या दिवाळीतली वाट या मेमध्ये असेलच असं नाही. ओहोटीला खाडीचं पाणी जोरात बाहेर येतं, समोरून समुद्राची लाट आत येते, दोन्ही त्या उथळ जागेवर एकमेकांना भिडतात आणि लाट उभी राहून फुटते. सकाळी भरतीला आरशासारख्या पाण्यातून बाहेर पडलेला माणूस दुपारी परत येतो तेव्हा तीच जागा पांढरीफटक उकळत असते. त्यात समुद्राकडून येताना आपल्याला लाटांची पाठ दिसते. फुटणारं तोंड पलीकडे असतं, त्यामुळे लाट आहे त्यापेक्षा लहान वाटते. आत शिरलं की मागून लाट बोटीचा मागचा भाग उचलते, बोट आडवी होते आणि पुढच्या लाटेला उलटते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे सगळं दुप्पट समजा. म्हणून परत येण्याची वेळ आधी ठरवायची, निघण्याची नंतर. चढत्या भरतीला तोंड ओलांडायचं. ओहोटी लागली असेल तर बाहेर थांबायचं, हर्णैच्या बाजूला आडोशाला जाऊन नांगर टाकून शेंगदाणे खात बसायचं. उशीर झाला तर झाला. आणि पहिल्यांदा तिथल्या एखाद्या तांडेलाला सोबत घ्या, दिवसाचे पैसे द्या. पुण्यात एका संध्याकाळी हॉटेलात याहून जास्त जातात.

हिवाळा-उन्हाळ्यात दुपार झाली की वायव्येकडून वारा उठतो. बारा वाजेपर्यंत परतलात तर निम्म्या कटकटी टळतात. हैदराबादची 'इन्कॉइस' संस्था किनाऱ्यासाठी लाटांचा अंदाज आणि इशारे देते, तो आदल्या रात्री बघायचा. 26 मेपासून 31 ऑगस्टपर्यंत आपल्याकडे प्रवासी बोटी बंद असतात. घरची बोट आहे म्हणून समुद्र वेगळा वागत नाही, तीही वर ओढून ठेवा.

सुवर्णदुर्गाच्या आसपास पाण्याखाली खडक आहेत आणि हर्णै म्हणजे मासेमारीचं मोठं बंदर, त्यामुळे जाळी आणि दोर सगळीकडे. पाण्यात जाळ्यांचे तरंगते बोये दिसले, काठीला फडकं लावलेलं दिसलं, तर दोन खुणांच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा. पंख्यात दोर गेलाच तर इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच इंजिन वर उचलून सुरीने कापायचा. तोवर बोट वाहत जाऊ नये म्हणून नांगर, तोही पुढूनच. मागून टाकला तर जड इंजिनाची बाजू आणखी खाली ओढली जाते आणि लाट सरळ आत. दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडायचा. तेवढा दोर बोटीत आहे का, हे आजच मोजा.

इंधनाचा हिशोब जुनाच आहे, टाकीचा एक तृतीयांश जायला, एक यायला, एक शिल्लक. पेट्रोल भरायचं ते कॅन जमिनीवर उतरवून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि वाट बघत बसते. इंजिन चालू झालं की मागून पाण्याची बारीक धार पडते का बघायचं. ती पडली नाही तर इंजिन थंड होत नाहीये, लगेच बंद करा. (आमचे मेकॅनिक त्या धारेला जे म्हणतात ते इथे छापता येणार नाही, पण मिस्टरांनी त्यांना विचारावं, एकदा ऐकलं की आयुष्यात विसरत नाहीत.) आणि बूच! बोट वर ओढली की तळातलं पाणी काढायला मागचं बूच काढतात. ते परत लावायला विसरणं हा माझ्यासकट सगळ्यांनी एकदा केलेला पराक्रम आहे. मी पाहुण्यांसमोर केला. बोट धक्क्यावरून सोडली, हात हलवून निरोप दिला, आणि दहा मिनिटांत घोट्यापर्यंत पाणी. बूच माझ्या शर्टाच्या खिशात होतं. तेव्हापासून मी ते किल्लीच्या रिंगमध्येच अडकवून ठेवतो. बूच लावल्याशिवाय किल्ली हातात येतच नाही.

बिअरचं तुम्ही लिहिलं नाहीत. तीन मित्र, शनिवार आणि बर्फाचा डबा म्हटल्यावर मी धरून चालतो. ऊन, वारा आणि इंजिनाची थरथर यांनी माणूस न पिताही अर्धा झिंगलेला असतो. डबा किनाऱ्यावर ठेवा, परत आल्यावर तो आणखी गार लागतो.

फोन पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत गळ्यात. तटरक्षक दलाचा शोध आणि बचावाचा क्रमांक 1554. बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ घेतलात तर मदतीसाठी चॅनल 16. कुठे जाणार आणि किती वाजता येणार हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून जायचं, आणि परत आल्यावर त्यालाही सांगायचं, नाहीतर तो बिचारा रात्री टॉर्च घेऊन फिरतो. बोटीची नोंदणी सागरी मंडळाकडे आधीच्या मालकाच्या नावावरच राहिली असेल तर तीही करून घ्या. त्यावर जास्त लिहीत नाही, तुमच्या तिघांत एखादा कागदपत्रांचा हौशी असेलच.

आता गळी कसं उतरवायचं ते. 'मला भीती वाटते' म्हणू नका, ते वाक्य आजवर कुठल्या नवऱ्याने ऐकलंय? त्याऐवजी म्हणा, 'मला बोट चालवायला शिकायचीय.' कारण खरा प्रश्न तोच आहे. ते पडले तर बोटीत उरलेल्यांपैकी त्यांना आणणार कोण? गोव्यात पर्यटन मंत्रालयाची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे पॉवरबोट हाताळण्याचे वर्ग असतात. दोघंही जा. त्यांना सोबत म्हणून न्या.

तोवर एक खेळ. भरतीला, शांत खाडीत, आजूबाजूला कुणी पोहत नसताना, एक असोला नारळ बरोबर घ्या. सोललेला नको, असोला चांगला वर तरंगतो. सगळ्यांच्या अंगात जॅकेट, लाल दोरी चालवणाऱ्याच्या मांडीला. मुलाने न सांगता नारळ पाण्यात टाकायचा आणि 'माणूस पडला' म्हणून ओरडायचं. मुलीचं काम एकच, नारळाकडे हाताचं बोट रोखून धरायचं आणि काही झालं तरी नजर हलवायची नाही. लाटेत माणसाचं डोकं एवढंच दिसतं, नजर हलली की सापडत नाही. चालवणाऱ्याने नारळाच्या बाजूला स्टिअरिंग फिरवायचं, गोल वळून, वाऱ्याला तोंड करून, चालण्याच्या वेगाने जवळ यायचं, नारळ बोटीच्या काठापाशी आला की इंजिन बंद आणि हाताने उचलायचा.

पहिली पाळी मिस्टरांना द्या. वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस आहे, हात आपोआप दुसऱ्या बाजूला जाईल आणि नारळ बोटीखाली नाहीसा होईल. तुम्ही काही बोलू नका. मुलगी बोट रोखून बसलेली असेलच, ते त्यांना दिसेल.

मग दुसरी पाळी तुमची.